माय कोणाच्या घरी शिंकते

माझ्या धाकट्या भावाच्या घरी माझी माय मोकळेपणाने शिंकते. माझ्या घरी ती शिंक दाबते. गोष्ट एवढीच आहे, पण ज्या दिवशी ती माझ्या ध्यानात आली त्या दिवसापासून माझा जळफळाट चालू आहे, आणि तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

बाबा गेल्यापासून माय आम्हा दोघा भावांकडे पाळीने राहते. मी बोथ गावच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, क्लार्क आहे. भाऊ गावी असतो, कापूस आणि ज्वारी पिकवतो. पाळीचा नियम मायनेच घालून दिला: एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत एकाकडे, मग दुसऱ्याकडे. पौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून विहारात जाते, वंदना आटोपते आणि त्याच दिवशी पिशवी उचलून घर बदलते. आमच्या ऑफिसात जमिनीच्या कब्ज्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जातात, ते मी रोज बघतो. त्यांचं बरं आहे. जमीन निदान जागची हलत तरी नाही. आमच्याकडे कब्जा दर पौर्णिमेला बदलतो आणि मुदत संपली की एक दिवसही वाढवून मिळत नाही.

तर भावाची पाळी चालू होती. थंडी कडाक्याची. रविवारी मी मायसाठी संत्री घेऊन गावी गेलो. दारात मोटारसायकल उभी करतो आहे तोच आतून शिंक आली. अशी शिंक, की ओट्यावर बसलेली कोंबडी फडफडत खाली उतरली. मागोमाग दुसरी आली, तिसरी आली, आणि त्यानंतर लांबलचक "आई गं..." आलं.

अंगणात उन्हाला बाज टाकली होती. माय तिच्यावर गोधडी घेऊन पडली होती. डोक्याला भावाचा मफलर गुंडाळलेला, नाक लाल, डोळ्यांना पाणी, आवाज पार बसलेला. मला बघून उठेल असं वाटलं, पण ती उठली नाही. "आला काय रे? बस," म्हणाली, "मले आज उठवू नका कोनी. माह्यानं काई होत नाई."

माझी माय, आणि "माह्यानं होत नाई" म्हणते! मी तिथंच उभा राहिलो. माझ्या घरी तिने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

भाऊ बाजेला टेकून जमिनीवर बसला होता. मध्ये एक ताटली होती. ज्वारीच्या कण्या शिजवून त्यांच्यावर लसणाची फोडणी घातलेली, वाफ निघत होती. एक घास माय घेई, एक भाऊ घेई. घास घेता घेता मायने हात लांब केला, भावाच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि त्याला खुशाल नाक पुसलं. भावाने मान वळवूनही पाहिलं नाही.

"दवाखान्यात नेलं का हिले?" मी विचारलं.

"सर्दीच तं हाय दादा," भाऊ म्हणाला. "नाक वाहून राह्यलं, घसा बसला. ताप नाई. जेवून राह्यली. जाते चार दिवसांत."

"अन छाती?"

"छाती ठीक हाय. सकाळपासून मलेच शिव्या देऊन राह्यली, दम कुठी लागला तिले?"

त्याचं निदान बरोबर होतं, याचा मला जास्त राग आला. ताप असता, धाप असती, तर मी तिला गाडीवर घालून बोथला घेऊन आलो असतो. करायला काहीच नव्हतं. मी संत्री सोलली. मायने एक फोड खाल्ली, आंबट आहे म्हणाली आणि उरलेली भावाच्या ताटलीत ठेवली.

परतीच्या वाटेवर मी आठवत होतो, माय माझ्या घरी शेवटची आजारी कधी पडली. आठवेना. मी आजवर लोकांना छाती फुगवून सांगत आलो होतो, की माय माझ्याकडे असली की ठणठणीत असते. वेळेवर जेवण, गरम पाण्याचा गिझर, पक्कं घर. पण डोकं उलटं चालायला लागलं. माझ्याकडे असताना ती मध्येच उठून मागच्या नळाशी का जाते? नळ मोठा सोडून एवढा वेळ तिथे काय करते? "धूळ लय हाय तुह्या रोडवर," असं म्हणत पदर नाकाशी का धरते? आणि टीव्ही बघता बघता तिचे खांदे एकाएकी हिसका बसल्यासारखे का हलतात, आवाज न होता?

ती शिंकत होती. माझ्या घरी ती वर्षानुवर्षं चोरून शिंकत होती.

पाहुणं माणूस दुसऱ्याच्या घरी ढेकर दाबतं, जांभई दाबतं. मी तिचा थोरला मुलगा, आणि माझ्या घरात ती पाहुणी. धाकट्याच्या अंगणात ती राणीसारखी पडते, हुकूम सोडते, त्याच्या दुपट्ट्याला नाक पुसते. मी भावाचा कधी हेवा केला नव्हता. त्याच्या वाट्याला आलेली काळी जमीन, त्याची बैलजोडी, त्याची झोप, कशाचाच नाही. पण त्या दुपट्ट्याचा मला मनापासून हेवा वाटला.

पौर्णिमा झाली, माय माझ्याकडे आली. तोवर तिची ती सर्दी पार गेली होती. मी आल्या आल्या पाहून घेतलं: आवाज स्वच्छ, नाक कोरडं. भावाने बरी करूनच पाठवली होती, नेमकी.

मग मी वाट बघत बसलो. आपली आई आजारी पडावी असं कोणत्या मुलाला वाटतं? मला वाटत होतं. फार नाही, साधी सर्दी, डोक्याला घट्ट रुमाल बांधून पडण्याइतकी. म्हणजे सेवा काय असते ते मी दाखवून दिलं असतं. महिना सरत आला तेव्हा माझी मुलगी शाळेतून सर्दी घेऊन आली. मग बायको शिंकायला लागली, मग मी. घरभर नाकं वाहत होती. माय तेवढी नाही.

पण आता मला ओळखता यायला लागलं होतं. सकाळी तिने चहा अर्धा ठेवला, चव लागत नाही म्हणाली नाही, "साखर जास्त पडली" म्हणाली. दुपारी बोलताना तिचा "म" नाकात अडकायला लागला. संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिचे खांदे हलले.

"माय, तुले सर्दी झाली," मी म्हणालो. माझ्या आवाजात आनंद होता, असं बायको नंतर म्हणाली.

"नाई रे. धूळ गेली नाकात."

"दाखव."

"काय दाखवू? नाक काय दाखवाची चीज हाय?"

मी ऐकतो कशाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, वरंगलकडची. तिने मायचा घसा पाहिला, छाती ऐकली, तेलुगूत काही विचारलं, मायला कळेना म्हणून आमच्याकडच्या हिंदीवर आली. "जलुबूच है अम्मा को, सर्दी," मला म्हणाली. मी विचारलं, भारी अँटिबायोटिक द्यायचं का. "काय को? जलुबू में वो नक्को. गरम गरम पीने को देओ, आराम करने देओ. सांस फूली, नै तो बुखार उतराइच नै, तो फौरन लेके आना." तिने अंग दुखलं तर घ्यायला साध्या गोळ्या दिल्या, एवढंच.

एवढंच कसं? एवढं तर भावानेही केलं होतं. मी औषधाच्या दुकानात गेलो आणि वाफेचं यंत्र घेतलं, छातीला चोळायचा बाम घेतला, गुळण्यांचं औषध घेतलं. घरी कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र होतं, त्याचे सेल बदलले. बायकोला सांगितलं, ओवा तव्यावर भाजून फडक्यात बांध. आलं किस, गवती चहा उकळ. सकाळी वाफ, दुपारी शेक, संध्याकाळी परत वाफ. मध्ये मध्ये मी तिचं बोट यंत्रात घालून ऑक्सिजनचा आकडा मोठ्याने वाचत असे.

माय पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ताठ बसायची. मांडीवर हात. आमच्या ऑफिसात बयान द्यायला आलेली बाई बसते ना, तशी.

"पाणी गरम हाय का माय? जास्त तं नाई?"

"ठीक हाय."

"नाक मोकळं वाटते?"

"हाव साहेब," माय म्हणाली.

ती मुद्दाम बोलली नाही. तिच्या तोंडून निघून गेलं. बायको स्वयंपाकघरात हसली आणि तिथूनच म्हणाली, "तुमी आत्याबाईचा पंचनामा करून राह्यले. आता सही घ्या फक्त." मी तिच्यावर भडकलो. भडकायचं खरं कारण मला माहीत होतं. भावाला शिव्या मिळतात आणि मला साहेब मिळतो.

त्याच संध्याकाळी मायने जाहीर केलं की ती बरी झाली. नाक वाहतच होतं. तिने मोरी घासून दाखवली. मी बरी आहेस का विचारलं की ती झाडू हातात घ्यायची, आणि मागच्या नळाशी जाणं परत सुरू झालं.

पौर्णिमेच्या आधीच्या बाजाराला भाऊ बोथला आला. आम्ही हॉटेलात चहाला बसलो. त्याने चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "दादा, एक बोलू? मायले तू आता कायमचं तुह्याकडेच ठेव."

मी कप खाली ठेवला. "काऊन?"

"तुह्याकडे ती कधी पडत नाई. माह्याकडे आली का पडते. कदी सर्दी, कदी कंबर, कदी पाय. गावातले मले बोलून राह्यले, थोरल्याकडं धडधाकट राह्यते म्हातारी, तुह्या घरीच काऊन आजारी पडते? लोकाईचं जाऊ दे. मलेच वाटते. तुह्या घरी तिले सुख हाय. माह्याकडे काय हाय? मातीचं घर, चुलीचं धुपट." त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. त्याचे डोळे भरून आले होते. "मी पौर्णिमेले येतो तिले विचाराले."

म्हणजे हासुद्धा जळत होता! मी ज्या गोष्टीसाठी त्याच्यावर जळत होतो त्याच गोष्टीसाठी हा माझ्यावर जळत होता. मला त्या क्षणी खरोखर बरं वाटलं, सर्दीनंतर एक नाकपुडी एकदम उघडते तसं. मी त्याला सांगायला हवं होतं की वेड्या, तिला माझ्याकडेही सर्दी होते, आत्ता या घटकेला आहे, ती फक्त दाबते. सांगितलं नाही. "बघू," म्हणालो, आणि चहाचे पैसे मी दिले.

घरी जाताना मात्र आनंद टिकेना. माय कायमची माझी होणार होती, कब्जा पक्का. आणि ती उरलेलं आयुष्य माझ्या घरात नळ सोडून शिंकणार होती. शिवाय आणखी एक काटा होता. एवढा मोठा त्यागसुद्धा त्यानेच केला. मला तो सुचलाही नव्हता.

पौर्णिमेला विहारातून आम्ही तिघं माझ्या घरी आलो. मायने नेहमीप्रमाणे पिशवी भरून दाराशी ठेवली होती. भावाने तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसला आणि हॉटेलात बोलला होता ते सगळं परत बोलला. आता तू इथेच राहा, इथे तुझी तब्येत चांगली राहते, आम्ही येऊन भेटत जाऊ.

मायने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय म्हणतो याची ती वाट बघत होती हे मला कळत होतं, आणि मी पंख्याकडे बघत होतो.

"तुमी दोघाईनं ठरवलं असन तं..." ती म्हणाली आणि थांबली. तिने पदर तोंडाशी नेला. डोळे पाण्याने भरले, मान खाली गेली, खांदे ताणले गेले.

"रडू नको ना माय," भाऊ म्हणाला आणि स्वतःच रडायला लागला.

ती रडत नव्हती. पृथ्वीच्या पाठीवर त्या वेळी ते फक्त मला कळत होतं. ती श्वास धरून बसली होती, नाक दोन बोटांनी गच्च दाबून, चेहरा लाल होत चाललेला. मी आणखी थोडा वेळ गप्प बसलो असतो तर ती ते गिळून टाकणार होती, आणि तेवढ्यावर निकाल माझ्या बाजूने लागणार होता.

"शिंक ना माय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"शिंक. कोनी काई करत नाई तुले. शिंक!"

मग ती शिंकली. माझ्या घराच्या भिंतींनी असला आवाज कधी ऐकला नव्हता. एकामागून एक, कितीतरी. आतल्या खोलीतून मुलगी धावत बाहेर आली. शिंका संपल्यावर मायने "आई गं" केलं आणि खुर्चीत मागे रेलली.

"हिले तं सर्दी हाय," भाऊ थक्क होऊन म्हणाला. "माय, कवापासून?"

"बाजाराच्या आधीपासून."

"दादा, तुले माईत नोतं?"

"माईत होतं," मी म्हणालो. "दर वेळेसच राह्यते. दाबते ती."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू आनंद पसरला, आणि तो त्याला लपवता आला नाही. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

"काऊन दाबते वं माय?" त्याने विचारलं.

"हा लय करते ना," माय माझ्याकडे बोट करून म्हणाली. तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. "मी शिंकली का हा ऑफिसातून रजा काढते. सून चुलीपाशी उभी, पोरीले चूप करून ठेवते. एका नाकासाठी घरभर सारे धावून राह्यले. मले लाज वाटते. तुह्याकडे कोनी धावत नाई, मी पडून राह्यतो. मानसाले पडू द्या लागते रे."

मी एवढं केलं त्याचा हा निकाल. अपील कुठे करायचं?

भावाने आपला दुपट्टा तिच्या डोक्याला गुंडाळला आणि पिशवी उचलली. माय गाडीवर त्याच्या मागे बसली. मी म्हणालो, पुढच्या पौर्णिमेला येशील ना. ती म्हणाली, "येईन ना. माहा नेम हाय. पन पडली तं पडू देशील?" मी हो म्हणालो. गाडी गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत ती तीनदा शिंकली, तीही त्याच्या पाठीवर.

पुढची पाळी आली तोवर ऊन तापायला लागलं होतं. सर्दीचे दिवस संपले असं मी धरून चाललो होतो. पण एका दुपारी जेवायला घरी आलो तर समोरच्या खोलीत पलंगावर माय आडवी होती. भर उन्हाळ्यात पांघरूण गळ्यापर्यंत. डोक्याला बायकोची ओढणी बांधलेली. "अवं, कण्या कर वं थोड्या," ती आत ओरडत होती, "लसून हात राखून टाकू नको!" मला बघून म्हणाली, "सर्दी झाली मले. बस."

मी बसलो. काही न करता बसणं काय असतं ते मला त्या दुपारी कळलं. श्वास नीट आहे, ओठांचा रंग चांगला आहे, कपाळाला घाम आहे म्हणजे ताप नसावा, हे मी लांबूनच पाहून घेतलं आणि हात मांडीखाली दाबून ठेवले. ऑफिसात गेलो नाही, पण रजा टाकली हे तिला सांगितलं नाही. कण्या आल्या. तिने अर्ध्या खाल्ल्या आणि ताटली माझ्याकडे सरकवली. मी उष्ट्या, गार झालेल्या कण्या शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ल्या.

डोळे मिटता मिटता ती म्हणाली, "धाकट्याले सांगू नको. त्याले वाईट वाटन."

"नाई सांगत," मी म्हणालो.

ती झोपेला लागली, तसा मी चप्पल न घालता बाहेर आलो आणि भावाला फोन लावला.

"मायले सर्दी झाली," मी म्हणालो.

"पडली का?" भावाने विचारलं.

"हाव. पलंगावर. दुपारपासून पडूनच हाय."

"अन शिंकून राह्यली? जोरात?"

तेवढ्यात आतून शिंक आली. मी फोन खिडकीच्या गजाशी धरला. दुसरी आली, तिसरी आली. मी फोन परत कानाशी घेतला.

"आली ऐकू," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता. "मी येतो उद्या सकाळी."

"ये," मी म्हणालो. "पन झोपली असली तं उठवू नको."